चटणी तपासली, उत्तम आहे

सोलापूर, सोमवार

सोलापूर स्टेशनबाहेरचा रिक्षावाला न भांडता मीटरने यायला तयार झाला आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. लांबून फिरवणार, असं धरून मी वाटेतल्या प्रत्येक वळणाकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते. "किस के वास्ते आए जी सोलापूर?" त्याने आरशातून विचारलं. "काम आहे," एवढंच मी म्हणाले. त्याने मला पाच मिनिटांत लॉजच्या दारात उतरवलं आणि बॅगही आत नेऊन ठेवली. बॅगेची चेन नीट आहे ना, हे मी तो गेल्यावर तपासलं.

मी नाशिकची. आरोग्य खात्यात दुसऱ्यांचे कागद तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. आमचे हे म्हणतात, तू आरशातल्या बाईकडेही ओळखपत्र मागशील. पण कोऱ्या कागदावर सही मी आयुष्यात केलेली नाही. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर यांनी घाईत मागितली होती, तेव्हाही नाही. निवृत्तीनंतर एका योजनेच्या पाहणीसाठी मला पुन्हा बोलावणं आलं, ते या स्वभावामुळेच.

योजना साधी आहे. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसाला रोज एक गोळी घ्यावी लागते, जन्मभर. ती घेतली की माणूस तुमच्याआमच्यासारखा कामाला जातो, म्हातारा होतो. या गोळ्यांसाठी पूर्वी जिल्हाभरातून लोकांना सोलापूरच्या मोठ्या केंद्रात यावं लागायचं. आता त्या घराजवळच्या सरकारी दवाखान्यात मिळणार, एसटीचे धक्के वाचणार, मजुरी बुडणार नाही. योजना चांगली आहे, मी आजही म्हणते. बहुतेकांनी फाइली जवळच्या दवाखान्यात नेल्या. अकरा बायकांनी नेल्या नाहीत. त्या अकराही जणींपुढे एकाच हाताने, एकाच निळ्या शाईने लिहिलं होतं, 'रुग्णाची इच्छा नाही.'

एवढं वाचून कोणाला शंका येणार नाही? या बायका खरंच आहेत का, गोळ्या घेतात का, की केंद्राला आपली संख्या टिकवायची आहे? मला चार दिवसांत शिफारस द्यायची होती. जिची फाइल हलवा म्हणून मी लिहीन, तिला पुढच्या महिन्यापासून सोलापुरात गोळी मिळणार नव्हती. जवळच्या दवाखान्यातून घ्यायची, नाहीतर नाही.

संध्याकाळी लॉजच्याच खाणावळीत जेवायला बसले तर चांगल्या मिशाळ वाढप्याने पुढ्यात एक भाकरी ठेवली. हातात घेतली तर पापडासारखी मोडली. म्हटलं, परवाची शिळी भाकरी नाशिकच्या बाईला खपवतोय. मी मालकाला बोलावलं. तो हसला. "मॅडम, कडक भाकरी हाय ती. मुद्दाम करतो आमी. लोक पार्सल नेत्यात." शेजारच्या टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. आमच्याकडे असली भाकरी कोणी पाहुण्याला वाढली असती तर नातं तुटलं असतं. मी ती शेंगांच्या चटणीशी आणि दह्याशी खाल्ली, दुसरीही मागितली, पण मालकाची माफी मागायचं राहिलं.

मंगळवार, केंद्र

केंद्र म्हणजे एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या, बाहेर बाकडी आणि एक लिंबाचं झाड. सकाळी नऊलाच बाकडी भरली होती. यंत्रमागावर काम करणारी माणसं आपसांत तेलुगू बोलत होती, अक्कलकोटकडच्या दोघी कानडीत, आणि या सगळ्यांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलत एक सडपातळ बाई फायली घेऊन फिरत होती. ती शीला. केंद्रातली मदतनीस, चाळिशीची, शहरातल्याच एका बौद्ध वस्तीत राहणारी. निळी शाई तिचीच होती.

"मी बी ह्याच गोळ्या घेते मॅडम, चौदा वर्षं झाली," तिने मला पाणी देता देता सांगितलं. इतक्या सहज सांगितलं की मला ते माझी दया मिळवण्यासाठी रचलेलं वाटलं. आता हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा मी वहीत 'खात्री करणे' असं लिहून ठेवलं.

दुपारपर्यंत माझ्या हाती दोन गोष्टी लागल्या. एक म्हणजे इमारतीच्या मागे, नळाजवळच्या कचऱ्याच्या ड्रममध्ये गोळ्यांच्या डब्या पडल्या होत्या. रिकाम्या, आजच सील फोडलेल्या, नखाने लेबलं खरवडलेल्या. मी स्वतः पाहिलं, बायका खिडकीतून डब्या घ्यायच्या, तोंडावर पदर घेऊन मागे जायच्या आणि मोकळ्या हातांनी परत यायच्या. दुसरी गोष्ट, फायलीत घरभेटीचा रकाना होता आणि अकराही जणींचा तो कोरा होता. शेजारी शेऱ्यात 'फोनवर बोलणे झाले', बस.

"या डब्या?" मी शीलाला विचारलं.

"असू दे की मॅडम. डबीतच ठिवा म्हणून आमी सांगतोच. बायका आपल्या सोयीनं करत्यात."

"आणि घरभेट?"

"त्यांनी नको म्हणून लिहून दिलंय. सही हाय, अंगठा हाय. न विचारता कुणाच्या घरी जायचं न्हाय, नियमच हाय तो."

नियम मलाही पाठ होता. पण नियमाच्या आडोशाला बसून काम न करणारे मी आयुष्यभर पाहिलेत. डब्या ड्रममध्ये, गोळ्या मोरीत नाहीतर आणखी कुठे, आणि घरी कोणी जात नाही. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं.

त्या दिवशी यादीतली एक बाई समोरच आली. तिचं नाव मी बदलून मंगल लिहिते. टेंभुर्णीजवळच्या वस्तीवर राहणारी विधवा, पस्तिशीची, हातात दोन जड कापडी पिशव्या. मी तिला बाकड्यावर बसवून घेतलं.

"टेंभुर्णीत दवाखाना आहे, चालत जाता येईल. मग दर महिन्याला एवढ्या लांब का येता?"

"हितंच बरं हाय मला."

"पण का?"

ती खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चटणी न्यायची असती."

"चटणी?"

"शेंगाची. तिकडं इकते मी."

शेंगा कुटून केलेल्या चटणीसाठी कोणी दोन तास एसटीत बसतं का? टेंभुर्णीत शेंगा मिळत नाहीत? मी तिला तसं विचारलंही. ती उठली, पिशव्या उचलल्या आणि "गाडी चुकंल" म्हणत निघून गेली. माझ्या लेखी ती खोटं बोलत होती आणि शीला तिला सांभाळून घेत होती.

निघताना शीलाने माझ्या हातात चटणीचं एक पुडकं ठेवलं. "घिऊन जावा, नाशकात मिळत न्हाय अशी." मी ते टेबलावर परत ठेवलं. "तपासणी चालू असताना मी काही घेत नाही," मी म्हणाले. तिचा चेहरा पडला. ती बाकीच्या फायली आत ठेवायला गेली, तेवढ्यात मी मंगलच्या फाइलीतून पत्ता वहीत उतरवून घेतला.

बुधवार, टेंभुर्णी

सकाळच्या एसटीत खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कुठे काढणी सुरू झाली होती. आमच्याकडे द्राक्षांच्या मांडवांनी आभाळ झाकलेलं असतं, इथे नजर टाकावी तिथवर सपाट, आणि उन्हाला फेब्रुवारीतच धार. टेंभुर्णी जवळ आली तशी ज्वारी संपून ऊस सुरू झाला. उसाच्या ट्रॉल्यांमागे आमची एसटी रांगत होती. फाट्यावर उतरले तर हायवेवरची धूळ डोळ्यांत गेली आणि चष्मा पुसता पुसता त्याची एक काडी हातात आली. पुढचा सगळा दिवस मी एका हाताने चष्मा धरून काढला.

पानटपरीवर मंगलचं नाव आणि वस्ती सांगितली. "चटणीवाली व्हय?" टपरीवाला म्हणाला. "कालव्याच्या कडंनं जावा, तिसरं घर. लई भारी चटणी असती तिची." मी थोडी चपापले. पण चटणी खरी असली म्हणून बाकीचं खरं ठरत नाही, असं स्वतःला समजावलं आणि चालू लागले.

पत्र्याचं घर, सारवलेलं अंगण, दारात शेवगा. अंगणात एक म्हातारी सुपात ज्वारी पाखडत होती आणि तिच्या मागे मंगल धुणं वाळत घालत होती. मंगलने वळून मला पाहिलं. तिच्या हातातलं ओलं लुगडं खाली मातीत पडलं. मी नोकरीत चोरी पकडलेल्या माणसांचे चेहरे पाहिलेत. हा तसा नव्हता. दाराशी साप दिसल्यावर माणसाचं होतं तसं तिचं झालं होतं, आणि तो साप मी होते.

"कुटून आलाय बाई?" म्हातारीने विचारलं. ती मंगलची सासू.

"सोलापूरहून," मी म्हणाले, आणि पुढे काय म्हणायचं ते मला सुचेना.

"आत्या, चटणीच्या गिऱ्हाईक हायती," मंगल घाईने म्हणाली.

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. माझ्या पायांपासून वर बघत आली आणि तिची नजर माझ्या गळ्याशी थांबली. ओळखपत्र! सवयीने सकाळी गळ्यात अडकवलेलं. त्यावर माझा फोटो आणि कोपऱ्यात एचआयव्ही कार्यक्रमाची लाल फीत. "वाचाया येत न्हाय मला," म्हातारी म्हणाली, "पर ही लाल फीत दवाखान्याच्या भिंतीवर काढल्याली हाय. सरकारी बाई दिसता तुमी. मग गिऱ्हाईक कशा?"

मंगल लुगडं उचलायलाही वाकली नव्हती. आपण काय करून बसलो ते मला त्या क्षणी पुरतं कळलं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या थापा पकडल्या, स्वतः मारायची वेळ कधी आली नव्हती.

"आरोग्य खात्याचीच आहे," मी म्हणाले. "खाण्याचे पदार्थ तपासते. विकायची चटणी चांगली आहे की नाही, ते बघायला आले."

"भेसळ बघायला व्हय?" म्हातारी उठलीच. "मग बगा की. आमच्या म्होरं बगा. मला बी कळू दे ही काय इकती ते."

आत नेलं. चुलीच्या वर फळीवर पत्र्याचे चार डबे. म्हातारी माझ्या खांद्याला खांदा लावून उभी. मी पहिला डबा उघडला, वास घेतला, चिमूट तोंडात टाकली. लसूण, तिखट, खमंग. दुसरा उघडला. त्यातही चिमूट. तिसऱ्याला हात घातला आणि मागे मंगलचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. आता थांबता येईना, म्हातारी बघत होती. मी झाकण अर्धंच उचललं, पाठ थोडी वळवली. वर चटणीचा थर होता आणि एका बाजूने खाली प्लास्टिकची गाठ मारलेली पिशवी दिसत होती. आत पांढऱ्या गोळ्या, त्यांच्यात तांदळाची एक छोटी पुरचुंडी.

ड्रममधल्या डब्यांचं कोडं तिथे सुटलं. डबी पिशवीत खुळखुळते, तिच्यावर नाव असतं, चित्र असतं. म्हणून डबी सोलापुरात राहते आणि गोळ्या चटणीखालून घरी येतात. मी झाकण दाबून बसवलं.

"हा सगळ्यात चांगला," मी म्हणाले. "पण याला हात लावू नका. ओला हात लागला तर अख्खा डबा नासेल." चौथा डबा उघडून मी मोठा घास खाल्ला, ठसका लागेपर्यंत.

म्हातारीने मला पाण्याचा तांब्या दिला आणि मी पीत असताना जवळ सरकून, पण मंगलला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "बाई, तुमी सरकारच्या. खरं सांगा. ही दर म्हयन्याला सोलापूरला जाती. शेंगा काय हितं मिळत न्हाईत? चटणी कुटाया येत न्हाय हिला? येवड्या लांब कशापायी जाती?"

माझाच प्रश्न. कालचाच, जवळजवळ त्याच शब्दांत. त्या म्हातारीच्या डोळ्यांत मला माझे डोळे दिसले आणि मला स्वतःची किळस आली.

"मी स्वतः पाहिलंय," मी म्हणाले. "चटणीसाठीच जाते. तिकडच्यासारखी इकडे होत नाही."

"मग लिवून द्या."

"काय?"

"त्येच. तपासली म्हणून. सोलापूरवरनं आणती, ती चांगली हाय म्हणून. उद्या कुणी इचारलं तर दाखवाया बरं."

मी वहीचं पान फाडलं. एका हाताने चष्मा धरून लिहिलं, 'चटणी तपासली, उत्तम आहे. सोलापूरहूनच आणावी.' खाली सही केली, तारीख घातली. म्हातारीने कागद उलटा धरून पाहिला, घडी घातली आणि देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवला. "सोड बाईंना रस्त्याला," ती सुनेला म्हणाली. मंगलने दोन पुडकी चटणी माझ्या हातात कोंबली. या खेपेस मी घेतली.

कालव्याच्या कडेने आम्ही घर दिसेनासं होईपर्यंत चाललो. मग मंगल थांबली. "मालक गेले तवा घरात कावीळ सांगितलीय," ती म्हणाली. "टेंभुर्णीत गोळ्या द्यायला बसतो तो माझ्या दिराचा सख्खा मेव्हणा हाय. सकाळी मी खिडकीला गेले की सांजच्याला घरात कळंल. पोरगी दहावीला हाय माझी. तिला घिऊन मी कुटं जाऊ?"

"हे काल सांगायचं होतं मला."

"तुमाला? वळखीच्या हायसा का तुमी माझ्या?" तिचा आवाज चढला. "येऊ नका म्हणून लिवून दिलं होतं मी. अंगठा न्हाय, सही केली होती. येवड्या शिकलेल्या तुमी, त्ये वाचलं न्हवतं?"

"वाचलं होतं," मी म्हणाले.

"मग?"

ती वळून घराकडे गेली आणि मी फाट्यावर धुळीत एसटीची वाट बघत बसले. मी चूक केली होती, साधी नव्हे, दुसऱ्याच्या घराला आग लावणारी. ती लागली नाही ते मंगलच्या हुशारीमुळे.

गुरुवार, पुन्हा केंद्र

शीलाला सगळं सांगितलं. ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, पण ती बराच वेळ फाइलीच्या कडा सारख्या करत राहिली. "मॅडम," शेवटी म्हणाली, "ह्या अकरा जणींची अकरा कारणं मला तोंडपाठ हायती. एकीची नणंद तितं नर्स हाय. एकीचा वर्गमित्र हाय खिडकीला. कागदावर लिवली तर गावाचं नाव येतंय, मग माणूस बी कळतंय. म्हणून एकच ओळ लिवते."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी डब्या मोजत होता तवा?"

आता प्रश्न माझ्या अहवालाचा होता. मंगलची फाइल सोलापुरात राहू द्या, हे लिहायचं, तर कारण द्यायचं होतं. खरं कारण लिहिलं तर तो मेव्हणा, ते गाव, ती बाई, सगळं चार टेबलांवरून फिरणार. आणि मला कसं कळलं? नियम मोडून घरी गेले म्हणून. मी दुपारभर पेन घेऊन बसले आणि शेवटी अकराही नावांपुढे लिहिलं, 'रुग्णाची इच्छा नाही.' शाई माझी काळी होती, एवढाच फरक.

अहवाल पाठवल्यावर तासाभरात खात्यातल्या अधिकाऱ्यांचा फोन आला. "मॅडम, हेच वाक्य खोटं आहे का ते बघायला तुम्हाला पाठवलं होतं. पुरावा काय?"

"पुरावा देता येणार नाही. माझ्या शब्दावर ठेवा."

"तुमच्या शब्दावर?" ते हसले. "तुम्ही कधी कोणाचं शब्दावर ठेवलंत? सोलापूरला जाणाऱ्या प्रत्येकाला चटणी मिळते, तुम्हालाही दिलेली दिसते."

दिली होती. माझ्या बॅगेत दोन पुडकी होती. तोंडाला झोंबलं, पण मी ऐकून घेतलं. खूप वेळ काहीबाही बोलून ते म्हणाले, "बरं, या वर्षापुरत्या राहू द्या फायली. पुढच्या वर्षी दुसऱ्याला पाठवू." तो दुसरा कसा असेल, वाचता येणारा की माझ्यासारखा, हे कोण सांगणार?

लॉज सोडताना मालकाची माफी मागितली. त्याला कडक भाकरीचं काही आठवतच नव्हतं.

नाशिक

घरी आल्यावर पहिलं पुडकं चार दिवसांत संपलं. दुसरं मी उघडलं नाही. मंगलची पुढची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती. त्या दिवशी सकाळी शीलाला फोन केला. "आली न्हाय अजून." दुपारी केला. "न्हाय." ती एसटी किती वाजता पोचते ते मला माहीत होतं, म्हणून माझा जीव थाऱ्यावर राहीना. म्हातारीने तो तिसरा डबा उघडला असेल. मेव्हण्याने काही ऐकलं असेल. माझं ओळखपत्र वस्तीवर आणखी कोणी पाहिलं असेल. संशय घ्यायची मला एवढी सवय, पण असा स्वतःवरच उलटलेला कधी अनुभवला नव्हता.

चारच्या सुमाराला शीलाचाच फोन आला. "आली मॅडम. गोळ्या घेतल्या, चटणी घेतली, गेली बी."

मी खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं.

"पर एक घोळ झालाय," शीला म्हणाली. "सासू म्हणतीय, सरकारी बाईनं मागची खेप तपासली. ही खेप कुणी तपासली? दर खेपंला सहीचा कागद आण, मगच सोलापूरला जा."

माझ्या एका भेटीने मंगलच्या दारात एक नवीन तपासणी बसवली होती आणि ती आता दर महिन्याला होणार होती.

"मंगल काय म्हणाली?"

"म्हणाली, बाईंनी लावलंय, बाईच निस्तरतील."

संध्याकाळी मी कपाटातून कोरे कागद काढले. वर्षाच्या बारा खेपा, बारा कागद. प्रत्येक खेपेला काय लिहायचं, तारीख कोणती घालायची, ते शीला ठरवणार होती आणि माझ्यासारख्याच अक्षरात लिहिणार होती. मी पहिल्या कागदाच्या तळाशी सही केली. आमचे हे चहाचा कप घेऊन जवळ येऊन उभे राहिले होते.

"अगं, यावर काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि दुसरा कागद पुढे ओढला.